बिअर्डेड ड्रॅगनच्या टँकचा तळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियातला, घरी पाळला जाणारा सरडा. खालचे प्रश्न तो पाळणारे पुन्हा पुन्हा विचारतात. बहुतेक पुण्या-मुंबईकडचे, काही परदेशातले. उत्तरं लिहिताना मोठा, निरोगी ड्रॅगन आणि ४ × २ × २ फुटांचा टँक गृहीत धरला आहे. जात पोगोना व्हिटिसेप्स. पाळीव म्हणून मिळणारे बहुतेक ड्रॅगन याच जातीचे असतात. ज्या उत्तराचा दुसरीकडे संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तळाशी काही घालायलाच हवं का? नुसती काच किंवा सनमायका ठेवली तर काय बिघडतं?

गुळगुळीत पृष्ठभागावर नखं धरत नाहीत. किड्यामागे धावताना मागचे पाय दोन बाजूंना फाकतात, आणि वाढत्या वयात हे रोज होणं बरं नाही. काचेत खाली प्रतिबिंबही दिसतं. काही नर त्या 'दुसऱ्या' ड्रॅगनला पाहून दिवसभर दाढी (गळ्याखालची काटेरी कातडी) काळी करून बसतात. सनमायकाचं दुखणं वेगळं आहे. कोपऱ्यातल्या सांध्यातून ओल आत जाते आणि खालचा प्लाय फुगतो (प्रश्न २०).

२. फार वाचायला वेळ नाही. एकच सांगा, काय घालू?

मॅट फिनिशची टाइल, आणि एका कोपऱ्यात मातीने भरलेला, खणता येईल असा डबा. महाराष्ट्राच्या हवेत, त्यातही कोकणपट्टीत, याच्याहून कमी कटकटीची सोय मला तरी माहीत नाही. पिल्लू असेल किंवा जनावर कालच घरी आलं असेल तर आधी प्रश्न १० वाचा. पूर्ण मातीचा तळ करायची हौस असेल तर प्रश्न ९ आहे, पण ती हौस पहिलं वर्ष नीट पार पडल्यावर करा.

आणखी एक. दिव्याखालची बसायची जागा ३८ ते ४२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २४ ते २९, आणि चालू असलेली, वेळेवर बदललेली यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) ट्यूब, एवढं आधी जमवा. तळाच्या नावाने येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी दिव्यापाशी जाऊन थांबतात.

३. दुकानात शेकडो टाइल आहेत. नेमकी कुठली मागू?

'मॅट' किंवा 'रस्टिक' फिनिश मागा. हॉलमध्ये बसवतात ती आरशासारखी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल नको. दुकानातच हात ओला करून पृष्ठभागावर बोट ओढा. बोट सरसर सरकलं तर ती टाइल सोडून द्या, अडखळत गेलं तर घ्या. मग नखाने खरवडून पाहा. नख जरासं धरलं पाहिजे.

फार खडबडीतही नको. पार्किंगच्या टाइलवर खोल नक्षी असते, तिच्या खाचांत विष्ठा सुकून बसते आणि टूथब्रश घेऊन बसावं लागतं. बाथरूमसाठीची अँटी-स्किड टाइल या दोन्हींच्या मधली असते, ती बहुतेक वेळा चालून जाते. तिच्यावर वावरून नखं थोडी झिजतात, त्यामुळे कापायची वेळ कमी येते.

रंग तुमच्या आवडीचा, पण गडद टाइल दिव्याखाली जास्त तापते (प्रश्न ६). पैसे वाचवायचे असतील तर 'उरलेले पीस आहेत का' असं विचारा. आठ टाइलसाठी कोणी नवी पेटी फोडत नाही, पण गोदामात जोडी तुटलेल्या टाइल पडलेल्या असतात आणि दुकानदाराला त्या काढायच्याच असतात.

४. घरी शहाबादी फरशी पडून आहे. कडप्पाही आहे. चालेल का?

चालेल, आणि न घासलेल्या शहाबादीवर पकड तर उत्तम मिळते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. शहाबादी, कडप्पा, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड. व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेटचं अ‍ॅसिड लावलं की पृष्ठभाग खातो, पांढरट डाग पडतो आणि त्या खरबरीत डागात घाण आणखी मुरते. त्यामुळे या फरश्या फक्त साबणाच्या कोमट पाण्याने धुवायच्या.

दुसरी गोष्ट वजन. ४ × २ फुटांचा २० मिलीमीटर जाडीचा कडप्पा पस्तीस-चाळीस किलोंचा होतो. तेवढ्याच जागेची ९ मिलीमीटर टाइल साधारण १५ किलोंची. टँक कशावर उभा आहे ते आधी बघा. घासलेला, चकाकणारा कडप्पा मात्र नकोच, त्यावर ड्रॅगन घसरतो.

५. टाइल बसवायची कशी? गवंडी बोलवावा लागेल का?

नाही. कापून घेतल्या की बाकी काम हाताने होतं.

माप आतलं घ्या, आणि ते मिलीमीटरमध्ये. सगळे इथेच फसतात. सुताराने १८ मिलीमीटर प्लायचा बाहेरून १२०० मिलीमीटरचा टँक केला असेल, तर आतून तो ११६४ भरतो. ३०० मिलीमीटरच्या चार टाइल म्हणजे १२००, त्या बसणार कशा? शेवटची टाइल कापावी लागते. वर्तमानपत्र जोडून तळाचा कागदी साचा काढा, तोच दुकानात न्या आणि तिथल्या कटरवर कापून घ्या. कापलेली धार ब्लेडसारखी असते. पाण्यात बुडवून पॉलिश पेपरने मारा आणि ती बाजू मागच्या भिंतीकडे ठेवा. प्लायचा टँक असेल तर चारही बाजूंनी एक सूत जागा सोडा. पावसाळ्यात प्लाय थोडा फुगतो, त्याला जागा लागते.

तळ झाडून घ्या. वाळूचा एक कण खाली राहिला तरी काचेच्या टँकमध्ये तिथूनच तडा जाऊ शकतो. मग पातळ फोमची शीट अंथरा (नव्या टीव्हीच्या खोक्यात निघते ती चालते) आणि तिच्यावर टाइल एकमेकींना भिडवून मांडा. चारही कोपरे हाताने दाबून बघा. डुगडुगत असेल तर तिथे फोमचा तुकडा वाढवा.

सिमेंटने किंवा टाइल अ‍ॅडेसिव्हने पक्क्या चिकटवू नका. महिन्यातून एकदा उचलून खालची बाजू बघता आली पाहिजे. सांधे आणि कडा मात्र मोकळ्या ठेवल्या तर क्रिकेट (खायला सोडलेले रातकिडे) खाली शिरतात, तिथेच मरतात आणि वास सुटतो. त्यासाठी सिलिकॉनची बारीक रेघ पुरते. टाइल उचलायची वेळ आली की ती ब्लेडने कापून निघते. सिलिकॉन अ‍ॅक्वेरियमचं घ्या. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं. सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत जनावर आत सोडायचं नाही. मी आठवडाभर थांबायला सांगते. दिवे लावून तापवल्यावरही वास आला नाही की झालं.

६. टाइल थंड पडते, खाली हीट मॅट घालू का?

नको. ड्रॅगनची सवय वरून, उन्हातून ऊब घेण्याची आहे. पोटाखालचा पृष्ठभाग भाजण्याइतका तापला तरी तो वेळेवर उठेल याची खात्री नसते, आणि पोटाला पोळलेले ड्रॅगन डॉक्टरांकडे येत राहतात. 'हीट रॉक' म्हणून विकतात त्या दगडालाही हेच लागू. टाइल दिव्याखाली हळूहळू तापते आणि दिवा गेल्यावरही काही वेळ ऊब धरते, एवढं पुरतं.

टाइल बदलली की तापमान पुन्हा मोजा. दिवा लावून दोन तासांनी इन्फ्रारेड थर्मामीटर थेट बसायच्या जागेवर धरा. फिकट टाइलवर ठीक असलेला दिवा काळ्या टाइलवर जास्त होतो. काचेला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर इथे काही कामाचा नाही.

७. तो मुळात वाळवंटातला प्राणी ना? मग वाळू का नको?

मध्य ऑस्ट्रेलियाचा कोरडा प्रदेश म्हणजे नुसत्या वाळूच्या टेकड्या नव्हेत. ड्रॅगन राहतो ती जमीन बरीचशी घट्ट, चिकणमाती मिसळलेली आणि उन्हाने भाजून कडक झालेली असते, मधूनमधून दगड, झुडपं आणि कुंपणाचे खांब. हा प्राणी खांबावर चढून बसणारा आहे. कोरड्या, सुट्या वाळूत त्याचे पाय रुततात, बीळ टिकत नाही आणि धूळ डोळ्यांत जाते.

वाळूची भीती घालतात ती 'इम्पॅक्शन'ची, म्हणजे पोटात वाळू साचून आतडं बंद होण्याची. ती खरी आहे, पण अर्धी. ऊब पुरेशी असलेला, पाणी पोटात जाणारा, यूव्हीबी आणि कॅल्शियम मिळणारा मोठा ड्रॅगन घासाबरोबर गेलेले चार कण बाहेर टाकतो. ऊब कमी पडली की पचन मंदावतं. कॅल्शियम कमी पडलं की आतड्याचे स्नायूच नीट हलत नाहीत. मग वाळूच काय, मोठा सुपरवर्म (खायला देतात ती जाड अळी) सुद्धा अडकतो. दुकानातून आणलेल्या जनावराच्या अंगात यातलं काय कमी आहे हे पहिल्या दिवशी कळत नाही, म्हणून सुरुवातीला सुटं काहीच नको म्हणायचं.

'कॅल्शियम सँड' या रंगीत वाळूला माझा सरळ नकार आहे. पोटात गेली तरी पचते असं पाकिटावर लिहून विकतात. प्रत्यक्षात ओली झाली की गोळा बनते, आणि चाटायची चटक लागते ती वेगळीच.

८. पोट अडकलं हे ओळखायचं कसं?

विष्ठा नाही, खाणं बंद, पोट टणक, जोर करतोय पण काही येत नाही. पुढे मागचे पाय ओढत चालणं. पाय ओढायला लागला की त्याच दिवशी सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांकडे, एक्स-रे काढायचाच. तोवर कोमट पाण्यात बसवणं ठीक. तोंडातून तेल पाजू नका, श्वासनलिकेत गेलं तर दुसरंच संकट. मोठा ड्रॅगन खातोय-फिरतोय आणि पाच-सहा दिवस विष्ठा नाही, एवढ्यावरून मात्र घाबरू नका.

९. मला मातीचाच तळ करायचा आहे. कसा करू?

दोन-अडीच भाग लाल माती, एक भाग धुतलेली, चाळलेली नदीची वाळू. नर्सरीत माती मागताना 'खत न मिसळलेली' असं दोनदा सांगा, कारण तयार मिश्रणात शेणखत, निंबोळी पेंड, परलाइट असं काही ना काही असतंच. काळी माती नको: ओली झाली की बोटांना चिकटते, सुकली की भेगा पडतात. बांधकामाची क्रश सँड नको, तिचे कण टोकदार असतात आणि भुकटी फार. समुद्राची वाळूही नको, त्यात मीठ आणि शिंपल्यांचे तुकडे असतात.

माती प्लॅस्टिकवर पातळ पसरून मेच्या उन्हात चांगली वाळवा, किंवा टाकाऊ कढईत थोडी थोडी भाजा. मग वाळू मिसळा, पाणी शिंपडून मुठीत गोळा होईल इतपत ओली करा, टँकमध्ये थापीने ठोकून बसवा आणि दिवे लावून पूर्ण सुकू द्या. वर कडक, खाली खणता येण्याजोगा थर मिळतो. खोली किमान ४ इंच.

हिशेब आधी करा. ४ × २ फुटांत ४ इंच म्हणजे सुमारे ७२ लिटर, वजन शंभर किलोंच्या वर. पुढच्या काचेखालची पट्टी चार इंचांची नसेल तर दार उघडताच माती बाहेर येईल. सगळ्यात महत्त्वाचं: मोठे दगड आणि ओंडके मातीवर ठेवू नका, तळाला टेकवून ठेवा आणि मग भोवती माती भरा. ड्रॅगन दगडाखाली खणतो, आणि दगड त्याच्या अंगावर बसतो.

विष्ठा दिसली की आजूबाजूच्या मातीसकट उचला. पूर्ण माती तीन ते सहा महिन्यांनी बदला.

१०. पिल्लू आहे, किंवा कालच आणलंय, किंवा आजारी आहे. त्याला काय?

किचन टिश्यू, बास. रोज बदलता येतो आणि विष्ठा कशी आहे ते स्पष्ट दिसतं. पिल्लाचा नेम चुकतो, किड्याबरोबर खालचं तोंडात जातं, म्हणून पहिले काही महिने सुटं काही नको. नव्या जनावराची विष्ठा तपासून कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) आणि जंत नाहीत हे कळेपर्यंत टाइलसुद्धा थांबू द्या. वर्तमानपत्रही चालतं, फक्त घड्यांखाली किडे लपतात.

११. रेप्टाइल कार्पेट, कृत्रिम गवत, विनाइलची शीट?

कार्पेट दिसायला छान, पण धाग्यात नख अडकून तुटतं आणि घाण आत मुरते. वापरायचंच असेल तर दोन तुकडे ठेवा, एक धुऊन उन्हात. कृत्रिम गवताचे धागे सुटतात आणि हिरवं दिसलं की तो खाऊन बघतो. विनाइल पुसायला सोपं, पण मागे गोंद असलेलं घेऊ नका आणि दिव्याखाली कोणतंच नको. तापलं की वास सोडतं. दिव्याखाली टाइल आणि बाकी ठिकाणी विनाइल, हा मेळ चालतो.

१२. लाकडाचा भुसा, कोकोपीट, भाताचं तूस... सगळं घरात आहे.

एकही नको. सुताराकडचा भुसा प्लाय आणि एमडीएफचा, म्हणजे त्यात गोंद आणि रसायन. पाइन आणि सीडरच्या तुकड्यांतल्या तेलाचा श्वासाला त्रास होतो. कोरड्या कोकोपीटची धूळ उडते, ओलं केलं तर दमटपणा धरून ठेवतं. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा टोकदार असतो. आणि हो, 'शेणाने सारवलं तर?' हेही विचारलं गेलंय, घरच्या आजींच्या आग्रहाखातर. अंगणाला शोभतं, बंद टँकमध्ये जंतू आणि ओल यांखेरीज हाती काही लागत नाही.

१३. तळ धुवायचा कशाने? आम्ही लादी फिनाईलने पुसतो.

फिनाईल टँकच्या आसपाससुद्धा नको, काळं नको आणि पांढरंही नको. त्यातलं फिनॉल किंवा पाइन तेल सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरतं. रोजचं काम म्हणजे विष्ठा उचलणं आणि गरम पाण्याच्या फडक्याने पुसणं. महिन्यातून एकदा टाइल काढून साबणाने घासायच्या, मग साधं ब्लीच एकास दहा पाण्यात घालून दहा मिनिटं ओलं ठेवायचं, भरपूर पाण्याने धुवायचं आणि वास जाईपर्यंत उन्हात ठेवायचं. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

कॉक्सिडियाच्या अंड्यांना ब्लीच पुरत नाही. तिथे उकळतं पाणी किंवा वाफ लागते, आणि टाइलचा खरा फायदा इथे दिसतो: ती उकळत्या पाण्याने धुता येते, माती फेकूनच द्यावी लागते. हे सगळं मोरीत किंवा बाथरूममध्ये करा, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही. या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. हात साबणाने धुवा, आणि लहान मुलांना या कामाला लावू नका.

१४. पावसाळ्यात काय करू? मुंबईत हवाच ओली असते.

म्हणूनच प्रश्न २ चं उत्तर टाइल असं आहे. टँकमधला दमटपणा ३० ते ४० टक्के असावा. जुलैत मुंबईच्या खोलीत तो ८०च्या वर असतो. दिवसा दिव्यामुळे आत थोडा उतरतो, रात्री पुन्हा चढतो. मातीचा थर खालून ओला राहतो, कुबट वास येतो आणि पांढरी बुरशी धरते. कोकणात मी जूनच्या पहिल्या आठवड्यात माती काढून टाइलवर यायला सांगते, दसऱ्यानंतर हवं तर पुन्हा माती भरा. पुण्यात थोडी सूट आहे. हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारं यंत्र) सतत ६०च्या वर राहिला तर तिथेही हेच. पाण्याची मोठी वाटी काढा, जाळी मोकळी ठेवा.

कातडीवर पिवळट, खपलीसारखे डाग दिसले तर थांबू नका. 'यलो फंगस' (नॅनिझिऑप्सिस) हा संसर्ग घातक आणि पसरणारा आहे. सगळा सुटा तळ त्याच दिवशी बाहेर, टिश्यू आत, आणि डॉक्टर.

१५. टाइलवर मुंग्यांची रांग लागते.

उरलेली भाजी आणि मेलेला किडा संध्याकाळी काढलात तर निम्मा प्रश्न संपतो. मुंग्यांचा खडू आणि फवारा दोन्ही वर्ज्य. दोन्हींत कीटकनाशक असतं, आणि मुंगी ते घेऊन आत येते. जुनाच उपाय करा, स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

१६. मॅट टाइल आहे, तरी त्याचे पाय घसरतात.

मग टाइलला सोडा आणि जनावराकडे बघा. पाय थरथरतात का, जबडा मऊ लागतो का, पोट उचलून चालता येतं का? हाडं कमकुवत होण्याच्या आजारात, म्हणजे एमबीडीत, ड्रॅगन असाच चालतो, आणि मालक तळ बदलत बसतो. यूव्हीबी ट्यूब किती जुनी आहे, तिच्यामध्ये आणि ड्रॅगनमध्ये काच तर नाही ना (काच यूव्हीबी अडवते), हे तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर सांगतील तोवर टाइलवर सुती टॉवेल अंथरा, सुटे धागे नसलेला.

१७. डब्यातली माती मुद्दाम खातोय.

चाटून बघणं वेगळं. ते सगळेच करतात. घासच्या घास खात असेल तर डबा लगेच काढा आणि कॅल्शियम, यूव्हीबी, जंत या क्रमाने तपासा. तिन्ही ठीक निघाले तरी खात असेल, तर तो ड्रॅगन कायम टाइलवरच राहू दे. काहींचं असं असतं.

१८. मादी दोन दिवस टाइलवरच खणतेय. नर नाही आमच्याकडे.

नर नसतानाही मादी अंडी घालते, फक्त ती फलित नसतात. एका खेपेला पंधरा-वीस, कधी तीसपर्यंत. कठीण तळावर जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, आणि ते जिवावर बेतू शकतं. आजच सोय करा: दीड फूट लांबीचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात प्रश्न ९ मधलं मिश्रण ओलं करून सहा ते आठ इंच भरलेलं. मूठभर माती दाबून गोळा झाली पाहिजे आणि हाताने केलेलं भोक ढासळता कामा नये. डब्याला कापड गुंडाळा आणि घरातल्यांना लांब ठेवा. कोणी बघत असेल तर ती काम सोडून देते. डबा देऊनही एक-दोन दिवसांत अंडी नाहीत आणि ती मलूल पडली, तर थेट डॉक्टर.

१९. आम्ही न्यू जर्सीला असतो. पावसाळ्याचा प्रश्न नाही, मग माती चालेल?

चालेल, हिवाळ्यात हीटिंगने हवा इतकी कोरडी होते की बुरशीची भीती कमीच. तुमचा प्रश्न गारठ्याचा. टँक जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर टाइल खालून गार राहते. खाली अर्धा-एक इंच जाड, कडक इन्सुलेशन फोम घाला. हिवाळ्यात मोठा ड्रॅगन कोपऱ्यात खणून आठवडेच्या आठवडे झोपतो, ते ब्रुमेशन. तळाचा दोष नाही.

२०. जुना प्लायचा टँक घेतोय. तळाची फळी फुगली आहे. वरून टाइल टाकली तर?

टाइलखाली ओल कोंडेल आणि वास तुम्हाला नंतर येईल, म्हणून नको. तळाची फळीच बदला. नवीन फळी मरीन प्लायची घ्या, दोन्ही बाजू आणि विशेषतः कडा पाण्यावर आधारित पॉलियुरेथेनचे तीन हात देऊन बंद करा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत टँक रिकामा ठेवा. मग प्रश्न ५ प्रमाणे टाइल. आधीचा ड्रॅगन कशाने गेला हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. कॉक्सिडिया किंवा अडेनोव्हायरस असं उत्तर आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर लाकडाचा तो टँक घेऊ नका. दिवे तेवढे घ्या.